मॅडमचं रान

मित्रांनो, मी धायरीच्या पलीकडल्या एका विद्यापीठातला जुना बेहडा आहे. माझा रुंद बुंधा पाहून मी निवांत असेन असे तुम्हाला वाटेल. तसे मुळीच नाही.

वनस्पतिशास्त्राच्या विजयमाला मॅडमनी मला दुधाच्या पिशवीतले रोप म्हणून आणले, तेव्हा ही टेकडी उघडीबोडकी होती. माझ्यामागून हिरडा आला, अर्जुन आला, कुंभा आला. मॅडम वर्ग इथेच घेत. पाने ओळखता आली नाहीत की मुले आम्हालाच बोल लावत. "आज मॅडमच्या रानात परीक्षा आहे रे," असे कुरकुरत चढत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र कुणी फिरकत नसे. मॅडम एकट्याच पाणी घालत.

या वृक्षोद्यानाला नाव ठरवायला समिती नेमली. प्रत्येकाला आपलाच थोर पुरुष हवा होता. नाव काही ठरले नाही. मग एके सकाळी कुणीतरी माझ्या बुंध्यावर लाल फुली मारून गेले.

मॅडमनी बांधकाम विभागाच्या सुदर्शनरावांना माझ्यापाशीच गाठले. "अहो, हे काय?"

"इथे पार्किंग होणार, मॅडम. नकाशात ही मोकळी जागा आहे. उद्यानाचं नाव कुठेच नाही."

"मोकळी? मग आपण सावलीत कशाच्या उभे आहात?"

सुदर्शनराव उन्हात सरकले. फुली तशीच राहिली. त्या दिवसांत लांबून गाडीचा आवाज आला तरी माझ्या मुळांना कापरे भरे.

मॅडमची विद्यार्थिनी अवनी हे सारे ऐकत होती. तिने फोनमधल्या नकाशावर आमचे नाव टाकले: 'मॅडमचं रान'. जुन्या विद्यार्थ्यांनी फोटो टाकले. पाहता पाहता कर्वेनगरहून लोक मुलाबाळांना घेऊन झाडे बघायला येऊ लागले. कुलगुरू जागेची पाहणी करायला आले, तेव्हा माझ्याखाली एका शाळेचा अख्खा वर्ग डबा खात बसला होता.

"तुम्ही इथे कशा?" त्यांनी वर्गाच्या बाईंना विचारले.

"मॅडमचं रान दाखवायला आणलंय मुलांना."

कुलगुरूंनी सुदर्शनरावांकडून नकाशा मागून घेतला. पार्किंग दुसरीकडे गेले आणि तेच नाव कागदोपत्री चढले.

मॅडम भडकल्या. "अजून जिवंत आहे मी! माझं नाव कसलं लावता?"

"तुमचं नाव कुठंय त्यात?" अवनी म्हणाली. "पुण्यात मॅडम पुष्कळ आहेत."

मॅडम हसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला टेकून बसल्या.

मला मात्र स्वस्थता नाही. काल समोरच्या उतारावर मोजणीवाले येऊन गेले. तिथे माझ्याच बियांची तीन रोपे आहेत, अजून गुडघाभरसुद्धा नाहीत. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी येणार असाल, तर जरा लवकर या.