दोन घरांचा एक भाव

विरूपाक्षची नोकरी गेली ती एका फोनवर. कंपनी पुण्याची, काम लातूरच्या घरून. चार वर्षं सुरळीत चाललं होतं. त्याच महिन्यात औसा रोडवरच्या त्यांच्या कॉलनीतल्या आणखी तिघांना घरी बसवलं गेलं, आणि फाटकांवर एकामागून एक 'घर विकणे आहे'च्या पाट्या लागल्या. गेल्या दिवाळीत इथलं घर पन्नास लाखांना गेलं होतं. आता कुणी पंचेचाळीसही म्हणेना.

त्याची बायको मंजुश्री बालवाडीत शिकवायची. तिनं पाच महिने घराच्या कर्जाचे हप्ते कसेबसे ओढले आणि शेवटी तिनंही पाटी लावली. शेजारच्या नीलाबाईंची पाटी आधीच लागलेली होती. त्यांना घर विकून नांदेडला लेकीजवळ जायचं होतं.

"मंजू, बेचाळीसच्या खाली तूबी उतरू नको, मीबी न्हाई उतरत," नीलाबाई कंपाउंडवरून म्हणाल्या. "न्हाईतर गिऱ्हाइकं आपल्या दोघींत लावून देतील."

"हाव काकू. शब्द दिला."

आठवड्याभरात उदगीरचा भुसार व्यापारी संगप्पा आला. त्याची मुलगी शिकवणीसाठी लातुरात राहणार होती. त्यानं दोन्ही घरं पाहिली, बोअरचं पाणी विचारलं, भिंती ठोकून बघितल्या. संध्याकाळी मंजुश्रीला त्याचा फोन आला.

"ताई, शेजारच्या बाई अडतीसला तयार हायेत. मला उद्याच बयाणा द्यायचाय. तुमचं काय ते बोला."

काकूंना विचारावं म्हणून ती कंपाउंडपाशी गेली. पलीकडे नीलाबाई लेकीशी फोनवर हसत बोलत होत्या, "येते गं, लवकरच येते." मंजुश्री तिथूनच माघारी फिरली. तिनं संगप्पाला फोन लावला आणि सदतीस सांगून टाकले.

"काकूंना विचारलंस का?" विरूपाक्ष म्हणाला.

"काय विचारू? त्यांचं जमलंय. हे गिऱ्हाईक गेलं तर दुसरं कधी येणार, सांगा ना!"

बयाणा आला तसा थकलेल्या हप्त्यांत गेला.

रजिस्ट्रीच्या दिवशी कचेरीत नंबरची वाट बघत संगप्पा सहज म्हणाला, "तुमची शेजारीण लई ताठ बाई. बेचाळीसच्या खाली बोलायलाच तयार न्हाई. तुम्ही ऐकलं, बरं झालं."

मंजुश्रीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. नंबर पुकारला गेला. घेतलेला बयाणा परत द्यायला हातात काही नव्हतं. तिनं सही केली.

तिथून ती घरी न जाता थेट नीलाबाईंकडं गेली आणि उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. नीलाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"इचारायचं व्हतंस गं. दहा पावलं व्हती."

पुढं नीलाबाईंकडं जो आला, त्यानं एकच विचारलं, "शेजारचं सदतीसला गेलं ना?" महिनाभर असलं ऐकून त्यांनी पाटी काढली आणि लेकीला कळवलं, यंदा येणं होत नाही.

मंजुश्रीनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. टेम्पो भरताना नीलाबाई बाहेर आल्या, तिच्या लोणच्याच्या बरण्या फुटू नयेत म्हणून जुन्या लुगड्यात गुंडाळून दिल्या. बोलल्या मात्र नाहीत.