घाईत निवलेली पुली

मित्रांनो, जुनी म्हणा, काळीकुट्ट म्हणा, पण लातूरच्या एका डाळमिलची मी पुली आहे. पुली म्हणजे पट्टा फिरवणारं ओतीव लोखंडाचं चाक. एका जागी स्वस्थ राहणं मला जन्मात जमलं नाही.

आणि जन्म तरी किती, दोन! ऐन तुरीच्या हंगामात मिलची आधीची पुली मोडली. मालक माणिकप्पा ओतकाम करणाऱ्या नजीरभाईंच्या दारात ठाण मांडून बसले. "आजच्या आज पायजे," एवढंच पालुपद. नजीरभाई मुरलेले कारागीर, पण त्या दिवशी भिडेला बळी पडले. वितळलेल्या लोखंडाचा रस लवकर थिजावा म्हणून त्यांनी वाळूच्या साच्यात कडेनं उष्णता ओढून घेणाऱ्या लोखंडी पट्ट्या बसवल्या. मीही उतावीळच. रस ओतला न ओतला तोच माझी कड थिजून गेली.

इथंच घात झाला. ओतीव लोखंडाच्या रसात कार्बन विरघळलेला असतो. रस सावकाश निवला तर कार्बन गोळा होतो आणि त्याच्या पातळ काळ्या पाकळ्या तयार होतात. असं लोखंड धक्का जिरवतं. घाई केली की कार्बन लोखंडातच जखडून जातो. मग लोखंड काचेसारखं होतं, कडक पण ठिसूळ.

कड कातून गुळगुळीत करायला मला लेथवर चढवलं, तर हत्यार कडेवरून नुसतं किंचाळत घसरलं. मला वेडीला त्याचाही गर्व झाला. नजीरभाईंनी कडेचा टवका उडवून उजेडात धरला. आत पांढरं चकाकत होतं, काळ्या पाकळ्यांचा मागमूस नव्हता. त्यांचा चेहराच उतरला.

"कडक हाय म्हंजी बेसच की," माणिकप्पा म्हणाले. "झिजायची न्हाई. बसवा."

"आप्पा, झटका बसला तर तुकडा उडंल. पुलीच्या बाजूला कोण बसतंय?"

"सरजाबाई. डाळ निवडती."

नजीरभाईंनी घण उचलला. एका घावात माझे दोन तुकडे.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "उद्या दुपारी या. त्याच्या आधी न्हाई." माणिकप्पा तणतणत गेले.

मला पुन्हा वितळवलं, नुसत्या वाळूत ओतलं आणि तसंच ठेवलं. काय तगमग झाली माझी, सांगता सोय नाही! बाहेर माणिकप्पांच्या गाडीचा हॉर्न तीनदा वाजला. नजीरभाई साच्यापाशी मांडी घालून बसले ते हलले नाहीत. माझ्या आत पाकळ्या आपल्या गतीनं वाढत राहिल्या.

यंदा मार्चमध्ये मिलच्या यंत्रात दगड अडकला. मी गरगर फिरत असताना सगळं एकदम थबकलं, पट्टा फाडकन तुटला आणि असा हिसका बसला की मी मुळापासून हादरले. पण तडकले नाही. हातभर अंतरावर बसलेल्या सरजाबाईंनी मान वर केली. "काय झालं बाई?" म्हणाल्या, अंगावरची टरफलं झटकली आणि सूप पुढं ओढलं.

मित्रांनो, आम्हाला तेल द्या, पट्टा बदला, पण ते सगळं नंतर. आधी नीट निवू द्या. आम्ही उतावीळच असतो, तुम्ही तरी होऊ नका.