आईची सही

२००१ सालचा जून. डिंगोरे गावात भगवंताच्या ओसरीवर त्याची लेक वृषाली कॉलेजचे दोन फॉर्म भरत बसली होती. एक तिचा, दुसरा थोरल्या भावाचा, आदेशचा. आदेश बारावीला एकदा नापास होऊन यंदा पंचेचाळीस टक्क्यांवर सुटला होता. वृषालीला अठ्ठ्याहत्तर पडले होते.

शेजारी आई, चिमाबाई, कांदे निवडत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पोरीच्या फॉर्ममधला एकेक रकाना तिला समजून घ्यायचा होता.

"ह्ये काय इचारत्यात?"

"आईचा व्यवसाय."

"मंग काय लिवलंस?"

"शेती."

चिमाबाई लाजली. तिच्या राबण्याला आजवर कुणी नाव दिलं नव्हतं.

संध्याकाळी भगवंतानं आदेशच्या फॉर्मवर सही केली. वृषालीचा फॉर्म बाजूला सारला.

"रविवारी निमगाव सावाचं पावणं येणार हायत. लई शिकली तर तिच्या जोडीचं स्थळ कुठून आणू?"

"अवं, सतरा वर्सांची हाय ती."

"त्यांना अठरा सांगितल्यात."

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. साक्षरता वर्गात तेवढीच शिकलेली सही चिमाबाईनं पालकाच्या रकान्यात केली आणि मायलेकी एसटीनं कॉलेजवर गेल्या. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म चाळला.

"वडील आहेत ना? त्यांची सही आणा."

"आईचं नाव इचारता, काम इचारता. मंग आईची सही का चालत न्हाई?"

"नियम आहे, बाई."

"कुठं लिवलाय? पोरीला दावा, ती वाचंल."

कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं, फॉर्म बाहेर सरकवला आणि खिडकी लावून घेतली.

वृषाली रडली नाही. एसटीत बसल्यावर तिनं फॉर्मची घडी घातली आणि आईच्या पिशवीच्या तळाशी सारली. चिमाबाईला त्याचीच भीती वाटली.

रविवारी पाहुणे ओसरीवर टेकले, तशी चिमाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"पोरगी सतराची हाय. तुमास्नी खोटं सांगितलंय. ह्ये लगीन मी व्हऊ देणार न्हाई."

पाहुणे चहा न घेताच उठले. भगवंतानं बायकोशी बोलणं टाकलं. भावकीनं तिला घरबुडवी ठरवलं.

लग्न टळलं, पण प्रवेशही गेला. आदेश सकाळच्या एसटीनं कॉलेजला जायचा, वृषाली सोयाबीन खुरपायला. पुढच्या जूनमध्ये चिमाबाई तिला घेऊन पुन्हा त्याच खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. या खेपेला गावातल्या आणखी चार आया सोबत होत्या. आईची सही घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच त्या आल्या होत्या.

मधलं वर्ष वृषालीला कोण भरून देणार? भगवंत, तो कारकून, की पोरीचं वय ठाऊक असून गप्प बसलेले आम्ही सगळे गावकरी?