नवरदेवाच्या गाडीतला काटा

मी मोटारीतला काटा बोलतोय. इंजिन किती तापलं ते सांगणारा. माझं बोलणं उतरवून घेणारा अभिमन सातवीतच शाळेबाहेर पडला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधेच निघाले, तर रागावू नका. मी सांगितलं तेवढंच त्याने लिहिलंय.

काचेच्या आत एका बाजूला थंड, दुसऱ्या बाजूला गरम, आणि मधे मी. इंजिनापासून एक वायर माझ्यापर्यंत येते. तिच्यातून कळतं ते मी दाखवतो. मला दुसरं काही येत नाही, आणि त्याचाच मला तोरा आहे.

एकोणीसशे अडुसष्ट साली फैजपूरच्या प्रेमचंदशेठनी आमची अँबेसेडर घेतली आणि लग्नांना भाड्याने देऊ लागले. चालवायला अभिमन. माणसांशी मान खाली घालून बोलणारा, पण गाडी सुरू केली की आधी माझ्याकडे पाहणारा.

त्या वैशाखात मी बदनाम झालो. नवरदेव बसला की मी गरमकडे चढायचो. अभिमन गाडी थांबवायचा, वऱ्हाडी चिडायचे. जळगावला बन्सीलाल फिटरकडे नेलं, तर मी मधोमध शांत. तो हसून म्हणाला, तुझ्या काट्याचं लग्नाचं वय झालंय, त्याला काढून टाक. शेठनीही बजावलं, पुन्हा वाटेत थांबलास तर किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईल.

पुढची वरात चोपड्याची. यावल मागे पडलं आणि मी चढू लागलो. नवरदेवाचे मामा लीलाधर म्हणाले, काट्याकडे काय बघतोस, मुहूर्ताकडे बघ. अभिमनने वेग कमी केला. मी अगदी टोकाला टेकलो तेव्हा त्याने गाडी निंबाखाली घेतली.

नवरदेवालाच त्याने माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं. मग इंजिनावरची वायर काढली. मी थंडकडे पडलो. वायरचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं, मी थेट गरमला. मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेव बिचारा मोठ्याने सांगत होता. म्हणजे मी धड, वायरही धड.

रेडिएटरमध्ये पाणी खदखदत होतं. अभिमन गाडीसमोर गेला आणि तिथेच उभा राहिला. केळीची पानं, त्यावर झेंडूचे हार. पुढची जाळी पार बुजलेली. वारा शिरणार कुठून? फिटरकडे जाताना ही सजावट नव्हती, म्हणून तिथे मी शांत.

त्याने पानांना हात लावताच नवरदेवाची आत्या, नर्मदाबाई, खाली उतरल्या. वाटेत सजावट उतरवणं अपशकुनाचं, म्हणाल्या.

अभिमनने मान वर केली. "अक्का, गाडीलेबी वारा लागस. आपण तिनं तोंडच बांधी टाकं."

त्यांनी वाफेकडे पाहिलं. "मंग बठ्ठं मांगे बांध. नवरदेव तं मजार बठेल शे."

नवरदेव आत बसलाय ना, मग झालं. पानं, हार सगळं मागे गेलं. इंजिन निवल्यावर पाणी भरलं. मी मधोमध आलो आणि चोपड्यापर्यंत हललो नाही. मुहूर्त गाठला. पण गाडी थांबल्याची बातमी आमच्याआधी फैजपूरला पोचली.

माझं मागणं एवढंच: नको ते सांगणाऱ्याला काढून टाकण्याआधी एकदा गाडीच्या पुढे जाऊन बघा. अभिमनला हेच शेठना सांगायचं होतं, पण शब्द सुचेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी किल्ली मागितली. त्याने ती दिली नाही. शेठना माझ्यासमोर बसवलं, गाडी सुरू केली आणि पुढची जाळी गोणपाटाने झाकली. मी चढू लागलो. गोणपाट काढलं, मी उतरू लागलो. त्याने पुन्हा झाकलं. शेठचे डोळे माझ्यावर खिळलेले, आणि मी असा ऐटीत चढलो, की अख्ख्या आयुष्यात तसा चढलो नव्हतो.

"काढ ते गोणपाट," शेठ म्हणाले. "चल, रावेरचं वऱ्हाड खोळंबलंय."

अभिमनने गोणपाट काढलं, माझी काच सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि गाडी काढली.