आईची किंकाळी

कादंबरीतला मेलेला माणूस सरळ जेवायला आला, आणि घरात कुणी दचकलंही नाही. त्या पानानं भूमिकाला झपाटलं. तिनंही कथा लिहिली: तापीत बुडालेला बाप आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दापोऱ्याच्या घरी परततो, त्याला बघून आई किंकाळी फोडते.

ती कथा तिनं आईला, मालूबाईला, वाचून दाखवली. मालूबाईचं लाटणं थांबलं होतं.

"मी कशाला किंचाळू?" मालूबाई तडकली. "दर आखाजीला विस्तवावर घास टाकून तुझ्या बापाला मीच बोलावते ना? मग आला तर डरू?"

भूमिकानं मान खाली घालून किंकाळी खोडली. तिथं आईच्या तोंडी लिहिलं, 'अकरा आखाज्या वाट बघायला लावली. पाय धुवा, ताट वाढते.'