अहवालातली विहीर

विहिरीचं पाणी पास झालं. रंग नाही, वास नाही, तेल नाही, पिण्यास योग्य. खाली सही, सहीवर शिक्का. पण हे झालंच नाही असं धरून चालू, कारण टेलर मास्तरांच्या घरात अजून तसंच धरून चालतात.

मास्तरांचं दुकान पुढच्या खोलीत, संसार मधल्या खोलीत आणि विहीर परसात. विहिरीला खेटून एक लिंबोणी. ती त्यांच्या लेकीनं लावलेली. लेकीला घरात किटली म्हणत, कारण ती सदानकदा तापानं उकळत असायची. आजारपणात लिंबूपाणी पिताना बी दाताखाली आली, ती तिनं परसात बोटानं मातीत पुरली आणि बापाला बजावलं, "मला शाळेत घातलंत की हिलापण घालायचं." बी उगवली. किटली मात्र शाळेआधीच गार झाली.

भिंतीपलीकडे गॅरेज. तिथं गाड्यांचं जळकं तेल आणि बॅटऱ्यांचं पाणी मागच्या खड्ड्यात ओतत. खड्डा काही केल्या भरत नसे, याचा गॅरेजवाल्याला कोण अभिमान. "लकी खड्डा आहे, मास्तर," तो सांगायचा.

खड्ड्याचं नशीब विहिरीत उतरलं. आधी पाण्यावर तवंग आला, मग मातीला वास सुटला, मग लिंबोणी पिवळी पडून पानं टाकू लागली. मास्तरांची बायको रोज तिला नळाचं पाणी घालायची. पण मुळं खालचंच पीत होती, त्यांना कोण समजावणार?

गॅरेजवाला पँटचं माप द्यायला आला तेव्हा मास्तरांनी त्याच्या कमरेला टेप गुंडाळत विषय काढला.

"तुमचा खड्डा आमच्या विहिरीत येतोय."

"कशावरून?"

"वास घ्या की जरा."

"मला गुलाबालाही ऑइलचाच वास येतो, मास्तर. आणि जमिनीखाली कोण कुणाच्या हद्दीत शिरतंय ते मला काय ठाऊक? मी काय गांडूळ आहे?"

"पोट आत घ्या."

"घेतलंय."

मास्तरांनी कंबर दोन बोटं सैल धरली. भांडण भांडणाच्या जागी, माप मापाच्या जागी. आणि संध्याकाळी कचेरीत अर्ज टाकला.

बऱ्याच दिवसांनी एक तरुण साहेब आला. विहिरीत वाकला आणि नाकाला रुमाल लावूनच वर आला. "मला दिसतंय हो," तो म्हणाला, "पण माझ्या दिसण्याला कागदावर किंमत नाही. नमुना लागतो. पाणी निवळलं की सकाळी भरून आणून द्या." त्यानं एक कोरी बाटली ठेवली आणि गेला.

सकाळी मास्तर कुणाच्या तरी कोटाच्या काजांत गुंतले होते. बाटली बायकोनं भरली, बूच घट्ट लावलं, पुसून लख्ख केली. मास्तर ती छातीशी धरून कचेरीत देऊन आले.

आणि जे झालंच नाही, ते अहवाल होऊन पोस्टानं घरी आलं.

मास्तरांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. बायको हात पुसत बाहेर आली. "पास झालं ना?"

"तू पाणी कुठलं भरलं होतंस गं?"

"विहिरीचंच काढलं. चार पदरी फडक्यातून गाळलं. तुरटी फिरवली. उकळलंसुद्धा. तरी वास काही जाईना."

"मग?"

"मग ओतून दिलं आणि नळाचं भरलं."

"अगं, ते घाण आहे हेच तर दाखवायचं होतं."

"असं कसं दाखवायचं चारचौघांत? लेकराला परीक्षेला पाठवायचं तर तोंड धुऊन, भांग पाडूनच पाठवतात." तिनं कोरडे हात पुन्हा पुसले. "ऐकून माहीत. आपल्यावर कुठं पाठवायची वेळ आली."

मास्तर मशीनवर बसले आणि पाय मारू लागले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, सुईखाली कापडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले. "पास झालेल्याची फेरपरीक्षा नसते," साहेब म्हणाला.

"तुम्ही स्वतः नाक दाबलं होतंत."

"दाबलं होतं. पण त्याला शिक्का नसतो, मास्तर. हां, नमुना बदलला होता असं लिहून दिलंत तर उघडता येईल. फक्त ज्यानं बदलला त्याच्यावर गुन्हा लागेल. कुणी बदलला?"

मास्तरांनी खिशातला टेप काढला, बोटाभोवती गुंडाळला, परत खिशात ठेवला.

"कुणी नाही," ते म्हणाले. "विहिरीचंच होतं."

घरी त्यांनी एवढंच सांगितलं की साहेब भेटले नाहीत. गॅरेजवाल्यानं अहवालाची प्रत मिळवून काचेत बसवली आणि गॅरेजात टांगली. त्या दिवसापासून खड्ड्यात तो उजळ माथ्यानं ओततो. बायको अजून रोज तांब्या घेऊन परसात जाते. लिंबोणीची एक फांदी तेवढी हिरवी उरली आहे. तिच्याकडे बघत मास्तरांनी काल नवा अर्ज लिहिला:

'महोदय, आपल्या अहवालात नमूद केलेली स्वच्छ विहीर अद्याप आमच्या परसात पोचलेली नाही. तरी सदर विहीर, भोवतालच्या मातीसह, लिंबोणीची फांदी हिरवी आहे तोवर आमच्या ताब्यात देण्यात यावी. सध्याची विहीर आम्ही स्वखर्चाने कचेरीत आणून जमा करू. कळावे, ही नम्र विनंती.'