लिफ्टमध्ये मावणारी बाबागाडी

माणसाने चाक शोधून काढलं आणि संस्कृतीला गती आली, असं आपण शाळेत शिकलो. हजारो वर्षं त्या गतीने घरंगळत आलेली ही संस्कृती आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या दारापाशी येऊन थांबली. दार पासष्ट सेंटिमीटर रुंद होतं आणि आमची बाबागाडी अडुसष्ट.

ती गाडी मी निवडली होती. भिंगरीच्या वेळची गोष्ट. भिंगरी म्हणजे आमची थोरली. आता अडीच वर्षांची आहे, आणि एका जागी बसलेली ती तिच्या जन्मदात्यांनीही फारशी पाहिलेली नाही. तर तिच्या जन्माआधी मी दुकानात गेलो, आकाशी रंग पाहिला, भाळलो आणि गाडी घेऊन आलो. मापबीप काही घेतलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर खपून गेलं असतं. पण मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर निघाले तर शिक्का मारायचा आणि नाही निघाले तर दुकानदाराकडे नुसतं बघत राहायचं, ही गेली अठरा वर्षं माझी नोकरी. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो नेमका किती असतो हे मला तेव्हा कळलं. तीन सेंटिमीटर.

त्या तीन सेंटिमीटरपायी बायको आठ महिने घरात अडकली. बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर आणि गाडी चार जिने खाली, हे एकटीला जमण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी मी यायचो, गाडी उचलून खाली न्यायचो, तोवर तिचा उत्साह मावळलेला असायचा आणि बाळ झोपलेलं. तिने तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "समोरच्या इमारतीत कोण किती वाजता पडदे उघडतं, ते मला विचार." मी विचारलं. तिने सांगितलं, मजल्यांसकट.

त्यामुळे दुसऱ्या वेळी आठवा महिना लागला तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर आपली मागणी मांडली.

"मला बाकी काही नको. बाळ तीन आठवड्यांचं झालं की मी दोघांना घेऊन खाली उतरणार, कोपऱ्यावरच्या बेकरीत जाणार आणि खिडकीतल्या टेबलाशी बसून कॉफी पिणार. गरम. आणि एकटी. तुझी मदत नको, आईचीही नको."

"दोन लेकरं बरोबर म्हणजे एकटी कशी गं?" सासूबाई म्हणाल्या.

"ती सल्ले देत नाहीत."

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं. बायको माझ्याकडे वळली. "आणि या वेळी," ती म्हणाली, "माप घे."

मी माप घेतलं. पुढच्याच रविवारी सकाळी टेप आणि वही घेऊन बाहेर पडलो आणि आमच्या दारापासून बेकरीपर्यंतचं जग मोजून काढलं. लिफ्टचं दार पासष्ट, लिफ्टची खोली एकशे बारा, फाटक नव्वद. फुटपाथवर विजेचा खांब आणि भिंत यांच्यात एकाहत्तर. तिथे एक गृहस्थ चालत येत होते, त्यांनाही थांबवून मी त्यांची रुंदी अंदाजाने टिपून ठेवली, समोरून आलेच तर असावी म्हणून. बेकरीच्या दाराशी मी गुडघे टेकून उंबरा मोजत होतो तेव्हा बेकरीवाला बाहेर आला.

"दुकान घेताय का साहेब?"

"नाही हो, बाबागाडी."

"ती आमच्याकडे नाही मिळत," तो म्हणाला आणि आत गेला. मी वहीत लिहिलं: बेकरी, चौऱ्याहत्तर, उंबरा दीड.

मग आम्ही सगळे बाबागाड्यांच्या दुकानात गेलो. बायको पुढे, तिचं पोट त्याच्याही पुढे, मागे भिंगरी, तिच्यामागे धावणाऱ्या सासूबाई आणि शेवटी मी. माझ्या हातात एक जड बॅग होती. तिच्याविषयी नंतर सांगतो.

दुकानातल्या बाई एखादं स्थळ दाखवावं तशा गाड्या दाखवत होत्या. "ही शांत आहे. ही जरा महागडी, पण निभावून नेते. हिच्याकडे बघू नका, हिचं चाक तिरकं चालतं, मी तुम्हाला फसवणार नाही."

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "एक काखेत, एक हाताला धरून आणि सगळं डोक्यावर घेऊन मी फिरले."

"आई, तू बँकेत होतीस. डोक्यावर काय होतं?"

"शाखा."

एवढ्यात बायकोला ती दिसली. लालभडक, दोन आसनं शेजारी शेजारी, वर एकच मोठं छत. बायकोने दांड्याला एक बोट लावलं आणि गाडी लोण्यासारखी वळली. मग उलटी वळली. मग आठाचा आकडा काढला. भिंगरी एका आसनात चढली, दुसऱ्या आसनात उतरली, पुन्हा पहिल्यात गेली. बायकोच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. तेव्हा माझ्याकडे एवढी चाकं नव्हती.

"हीच," ती म्हणाली. "दोघं एकमेकांशेजारी बसतील. हीच!"

मी टेप लावली.

"किती?" तिने विचारलं. मी टेप पुन्हा लावतोय हे पाहून तिने दांड्यावरचा हात काढला. एकेक बोट करून.

"शहात्तर," मी म्हणालो.

आमच्या घरात पासष्ट हा आकडा सांगावा लागत नाही.

"मागेपुढे बसायची आहे ना," दुकानातल्या बाई घाईने म्हणाल्या. "रुंदीला एका बाळाच्या गाडीएवढीच. पुढे मोठीला बसवा, मागे बाळ झोपवा. काळी आहे, पण गुणाची आहे."

काळी बासष्ट भरली. माझा श्वास मोकळा झाला. मग मी लांबी मोजली. एकशे सोळा. लिफ्टची खोली एकशे बारा. मी पुन्हा मोजली. टेपेला दयामाया नसते. असती तर आमच्या खात्याने ती घेतलीच नसती. पुन्हा एकशे सोळा.

"चार सेंटिमीटर," मी म्हणालो.

"मागच्या वेळी तीन होते," बायको शांतपणे म्हणाली. "प्रगती आहे."

"अगं, मी येत जाईन ना खाली घेऊन जायला," सासूबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा सल्ला हा सल्ला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. बायकोने गाडीचा दांडा धरला आणि हळूहळू, एका हाताने पोट सावरत, खाली उकिडवी बसली. आम्हाला वाटलं रडणार. ती दांड्याच्या सांध्याकडे बघत होती.

"हे बटण कसलं?"

"ते होय? दांडा उभा करायचं. बुटक्या माणसांसाठी असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर उंच आहात, म्हणून नाही दाखवलं."

बायकोने बटण दाबलं. खट् आवाज झाला आणि मागे झुकलेला दांडा ताठ उभा राहिला. मी टेप घेऊन जमिनीवर जवळजवळ लोळलोच.

"एकशे सात!" मी ओरडलो. कुठल्याही निरीक्षकाने कुठल्याही आकड्यावर ओरडू नये असा आमच्याकडे दंडक आहे.

"परत मोज."

"एकशे सात!"

"परत!"

"अगं एकशे सातच आहे, पाच सेंटिमीटर उरतात, आता काय लिहून देऊ?"

"दे," ती म्हणाली, आणि मी वहीतलं पान फाडून लिहून दिलं. भिंगरी "शेसात, शेसात" करत दुकानभर पळत सुटली. दुकानातल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, उठा आता, फरशी पुसून झाली."

पण नुसत्या लांबी-रुंदीवर विश्वास ठेवून एकदा तोंडघशी पडलेला माणूस मी. गाडी रिकामी चांगलीच चालते. भरल्यावर काय करते हे कुणी पाहिलं? भिंगरीला बसवून बघावं म्हटलं तर ती तेवढा वेळ बसणार नव्हती आणि दुसरा उमेदवार अजून जन्मला नव्हता. म्हणून मी ती बॅग उघडली. आत खात्याची पितळी वजनं होती, सरकारी शिक्क्याची, साहेबांच्या सहीने 'बाह्यतपासणी' असं कारण लिहून आणलेली. दोन पाच किलोची, एक दोन किलोचं आणि एक किलोचं अशी मी पुढच्या आसनात बसवली. झाली भिंगरी. मागे दोन, एक आणि अर्धा, असं साडेतीन किलोचं बाळ टॉवेलात गुंडाळून झोपवलं आणि पट्टा लावला.

"टोपी घाला त्याला," सासूबाई म्हणाल्या. "डोक्यावरून वारा जाईल."

बायकोने दांडा धरला आणि आम्ही सगळे फुटपाथवर आलो. एक म्हातारे गृहस्थ कौतुकाने थांबले, छताखाली वाकले आणि तसेच राहिले.

"किती वजन हो बाळाचं?" अखेर त्यांनी विचारलं.

"साडेतीन किलो," मी म्हणालो. "प्रमाणित."

"वडिलांवर गेलंय," सासूबाईंनी सांगितलं. "फार बोलत नाही."

तोवर बायको पुढे निघाली होती. तिने फुटपाथच्या कडेशी दांडा किंचित दाबला, पुढची चाकं उचलली, खाली टेकवली आणि गाडी रस्त्यावर उतरवली. परत तशीच वर चढवली. एका हाताने. मग ती वळली आणि चालत सुटली, जरा भरभर, मग आणखी भरभर, आठवा महिना आणि साडेसोळा किलो पितळ घेऊन. पितळ किणकिणत होतं, भिंगरी मागून पळत होती, आणि बायको हसत होती, मोठ्याने, रस्त्यातल्या लोकांनी वळून बघावं अशी. मी तिच्यामागे धावत "सावकाश, सावकाश!" म्हणत होतो, पण खरं सांगायचं तर मीही हसत होतो.

घेतली. त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये तालीम झाली. दांडा उभा केला, गाडी आत गेली, बायको तिच्या शेजारी उभी राहिली, दार बंद झालं. गाडी, बायको आणि पोट, सगळं मावलं. खाली जाऊन ती वर आली, पुन्हा गेली, असं सहा वेळा. सातव्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, लिफ्ट मिळेल का.

बाळ आलं. मुलगा. तीन किलो सहाशे वीस, म्हणजे माझ्या अंदाजात एकशे वीस ग्रॅमची चूक निघाली. आमच्या खात्यात एवढी चूक माफ करत नाहीत, पण त्याला परत पाठवलं नाही.

तो तीन आठवड्यांचा झाला त्या सोमवारी माझी रजा संपली आणि मी कामावर रुजू झालो. बायकोने मुद्दामच तो दिवस धरला होता. अकरा वाजता मी एका किराणा दुकानात तराजू तपासत होतो, दुकानदार श्वास रोखून उभा होता, आणि फोन वाजला. सासूबाई.

"मी काही सांगत नाहीये हं. खिडकीत नुसती उभी आहे. फाटकातून बाहेर पडली."

"भिंगरी बसलीये?"

"बसलीये. हातात बिस्किट आहे, तोवर. खांब आला! खांब... गेली! अहो, निघून गेली पलीकडे! आता दिसत नाही. ठेवते मी, मला बसायला हवं."

मी तराजूवर शिक्का मारला. तो बरोबर होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला. या वेळी बायको होती आणि तिला धाप लागली होती.

"पोचले! अरे, पोचले मी! कुठेच अडकली नाही. लिफ्टमध्ये नाही, खांबापाशी नाही, एका माणसाने 'मदत करू का' विचारलं, मी म्हटलं अजिबात नाही! आणि दोघंही झोपलेत. दोघंही! ऐक." तिने फोन गाडीत धरला असावा.

"काही ऐकू येत नाहीये."

"तेच तर!"

मी रुमाल काढून नाक शिंकरलं. दुकानदाराला वाटलं, त्याचं वजन कमी भरलं.

"आत जा आता," मी म्हणालो. "दार चौऱ्याहत्तर आहे, दोन्हीकडून सहा-सहा सेंटिमीटर मिळतील. उंबऱ्याला दांडा थोडा दाब."

"माहीत आहे रे. ढकलतेय." फोनमधून काच खडखडली. "उघडत नाही."

"ओढायचं असेल."

"ओढूनही पाहिलं." पुन्हा खडखड झाली. "इथे काचेवर एक पाटी आहे. तू माप घेतलंस तेव्हा होती का?"

"किती उंचीवर?"

"डोळ्यांसमोर."

मी तेव्हा उंबऱ्यापाशी होतो. बेकरी दर सोमवारी बंद असते.